नानांची वही आणि नाल्यापलीकडची घरं

नाना गेल्यावर त्यांचं कपाट उघडायला आम्हाला वर्ष लागलं. कोणाचा हातच जात नव्हता. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत आई म्हणाली, उंदरं लागतील, काढा आता सगळं, तेव्हा मी आणि धाकट्या भावानं मिळून ते रिकामं केलं. कपडे म्हणाल तर चार सदरे आणि दोन पायजमे. बाकी सगळ्या पिशव्या. लग्नात मिळालेल्या, बियाणं कंपनीच्या, कापड दुकानाच्या, आणि प्रत्येक पिशवीत कागद कोंबलेले. रेशन कार्डांच्या झेरॉक्स, सातबारे, उत्पन्नाचे जुने दाखले, पासपोर्ट फोटोंची छोटी पाकिटं, त्यातली अर्धी माणसं आता हयात नाहीत, सुकून दगड झालेलं स्टॅम्पपॅड. आणि एका पिशवीत नुसते कोरे कागद. वर काहीच नाही, खाली कोपऱ्यात निळा अंगठा. लोक यायचे, अंगठा उठवून जायचे, वर काय लिहायचं ते नाना रात्री बसून लिहिणार. ते कागद हातात धरून मी किती वेळ बसले माहीत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देणं म्हणजे केवढा भरवसा आणि केवढी लाचारी, दोन्ही एकदम.

आमचं गाव अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं, तापीच्या अलीकडचं. नाना तीस-पस्तीस वर्षं एका पक्षाचे कार्यकर्ते होते, एकदा ग्रामपंचायत सदस्य झाले तेवढंच काय ते पद, त्याच्या वर गेले नाहीत आणि जायची धडपडही केली नाही. सकाळी साडेसहालाच ओट्यावर माणसं बसलेली असायची. निराधारचा फॉर्म, रेशन कार्डात सुनेचं नाव चढवायचं, घरकुलाचा हप्ता अडकलाय, पोराला सिव्हिलला अॅडमिट केलंय, विजेचा डीपी जळालाय. नाना सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, लिहून घ्यायचे, आणि आठच्या एसटीनं पिशवी घेऊन तहसीलला. कोणाकडून रुपया घेतला नाही. मुलगी म्हणून सांगत नाही, गावात आजही कोणालाही विचारा. उलट आईनं कापूस वेचून जमवलेल्या पैशातून लोकांच्या तिकिटाचे आणि झेरॉक्सचे पैसे किती वेळा गेलेत त्याचा हिशोब नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून पाचवीत असल्यापासून मी फॉर्म भरायचे, 'अर्जदाराची सही किंवा अंगठा' ही ओळ मला शाळेच्या प्रार्थनेइतकी पाठ होती.

कपाटात सगळ्यात खाली लाल पुठ्ठ्याची लांब वही होती, किराणा दुकानात उधारीची असते तशी. नानांनी पट्टीनं रेघा मारून रकाने केलेले. नाव, काम, तारीख, झालं का. शेवटचा रकाना अगदी अरुंद, त्यात एकच अक्षर, 'आ' नाहीतर 'ति'. कुठं कुठं प्रश्नचिन्ह. मला कळेना, भावानं मात्र लगेच ओळखलं. म्हणाला, आपला आणि तिकडचा.

ती वही मी जळगावला घेऊन आले, रात्री जेवण झालं की वाचत बसायचे. 'आ'समोरची कामं बहुतेक 'झालं'. 'ति'समोर 'सांगितलंय', 'कागद अपुरे', 'पुढच्या मीटिंगला'. नानांनी कोणालाही तोंडावर नाही म्हटलेलं मी कधी पाहिलं नाही, पण पिशवीतला कोणता कागद साहेबांच्या टेबलावर आधी जायचा ते ह्या अरुंद रकान्यावर ठरत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की नाल्यापलीकडची नावंच नाहीत. नाल्यापलीकडं भिल वस्ती, चाळीसेक घरं, कुडाच्या भिंती, आता काहींना पत्रे आलेत. दोनशेच्या वर नावं असलेल्या त्या वहीत त्यांची मोजून सहा.

कारण आईनं सांगितलं, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. ती वस्ती दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातकडं ऊसतोडीला जाते, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देणारा मुकादम एकच, आणि मतदानाच्या आदल्या रात्री बोलणं त्याच्याशीच व्हायचं. एकदा त्याचा शब्द मिळाला की चाळीस घरं मिळाली. मग एकेकाचा फॉर्म कशाला भरत बसायचा? ओट्यावर येणाऱ्या शेतकऱ्याचं मत एकेक करून सांभाळावं लागतं म्हणून त्याची कामं एकेक करून होतात, आणि ज्यांचं मत ठोक भावात मिळतं त्यांच्या वाट्याला कामसुद्धा येत नाही. सगळ्यात गरीब माणूस ह्या व्यवहारात सगळ्यात स्वस्त पडतो. मला हे कोणत्या पुस्तकातून कळलं असतं तर इतकं लागलं नसतं.

कॉलेजात राज्यशास्त्राला क्लायंटेलिझम असा शब्द होता, परीक्षेपुरता पाठ केला होता. आपल्याकडं त्याला वशिला म्हणतात, ओळख म्हणतात, शब्द टाकणं म्हणतात. आणि आपल्याला त्यात वावगं काही वाटतही नाही, उलट ज्याची ओळख नाही त्याचीच कीव येते. भ्रष्टाचार म्हटलं की डोळ्यासमोर पैसे येतात. इथं पैसे नाहीतच, चांगली माणसं आहेत, मनापासून धावपळ करणारी. म्हणूनच ह्याबद्दल बोलणं अवघड जातं, निदान मला जातं.

संजय गांधी निराधार योजना १९८० ची. विधवा, अपंग, ज्यांना कोणी नाही अशांसाठी, आणि पासष्टच्या पुढच्यांसाठी तिची बहीण श्रावणबाळ. आधी महिन्याला ६००, मग १०००, आणि २०२३ मध्ये १५०० रुपये. ह्या दोन्हींना, अपंग सोडले तर, कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची अट आहे २१,००० रुपये. जरा थांबून हा आकडा बघा. महिन्याला १,७५० रुपये. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात दिवसाला २९७ रुपये होती, म्हणजे ज्या बाईनं सरकारच्याच कामावर वर्षात ७१ दिवस माती उचलली ती सरकारच्याच हिशोबानं निराधार उरली नाही. तेव्हाचा कायदा तिला १०० दिवसांची हमी देत होता आणि ती हमी घेतली की ही योजना हातातून जायची. आजच्या महागाईत २१,००० मध्ये घर चालवणारं कुटुंब मला कोणी दाखवावं, मग तरीही दाखले निघतातच ना, गावोगाव निघतात, कारण सगळ्यांना ठाऊक आहे की आकडा खोटा आहे. पण आकडा खोटा आणि अट खरी असली की काय होतं, तर प्रत्येक लाभार्थी कागदावर आधीच चुकलेला असतो. कोणाचं उत्पन्न डोळेझाक करून २१,००० च्या आत लिहायचं आणि कोणाचं नाही हे मग माणूस बघून ठरतं. तिथं कार्यकर्त्याची जागा तयार होते. नानांची पिशवी त्या जागेत होती.

आणि त्याच्यावर समिती. अर्ज मंजूर करायला तालुक्याची समिती असते, तहसीलदार सचिव, पण अध्यक्ष आणि बाकीचे अशासकीय सदस्य पालकमंत्र्यांच्या पसंतीचे. सरकार बदललं की समिती बदलते. समितीची मीटिंग कधी, ह्या एका प्रश्नासाठी म्हाताऱ्या बायका किती वेळा आमच्या ओट्यावर आल्या असतील. "नाना, मन्ही पेन्शननं काय व्हयनं?" ह्या वाक्यावर मी लहानाची मोठी झाले.

रेशनचं तेच, फक्त शब्द वेगळा. तिथं इष्टांक. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं राज्याला माणसांचा कोटा ठरवून दिला, साधारण ७ कोटी, तोही २०११ च्या जनगणनेवर. तेव्हापासून पोरं जन्मली, सुना आल्या, वेगळ्या चुली झाल्या, कोटा तिथंच. मग कोणी मेलं किंवा नाव कमी झालं तरच दुसऱ्याचं चढणार. जिथं दहा माणसांना आठ ताटं आहेत तिथं वाढप्याला किंमत येते, आणि ती दोन ताटं वाढवून मागण्यापेक्षा वाढप्याशी ओळख काढणं लोकांना सोपं वाटतं. त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मला रात्री झोपू देत नाही. आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं, राज्यातल्या ४४ लाख शेतकऱ्यांचं. आम्ही अर्ज केला नाही, दाखला काढला नाही, कोणाला भेटलो नाही. बिल आलं तेच शून्य होऊन आलं. शेतकऱ्याला मिळालं त्याचं मला वाईट नाही, कापसाचा भाव बघता ते हवंच आहे. पण जमीन आणि विहीर असलेल्याला मदत घरबसल्या येते आणि ज्या बाईकडं काहीच नाही तिला ते सिद्ध करायला आठ कागद लागतात, हे कसं चालतं? म्हणजे घरी आपोआप पोचवायची पद्धत सरकारला येते. ती कोणासाठी वापरायची एवढाच प्रश्न आहे.

मधल्या माणसाला काढायचं म्हणून आधार आलं आणि ते आपल्याच खान्देशातून आलं. देशातलं पहिलं आधार कार्ड वाटप २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झालं, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. नानांनी त्या दिवशी टीव्हीसमोरून हलायचं नाव घेतलं नाही. म्हणाले, आता आपली पिशवी सुटली बघ. पिशवी सुटली नाही. पैसे थेट खात्यात यायला लागले हे खरं आणि हे मोठंच काम झालं, मधे खाणारे गेले. पण यादीत नाव कोण घालणार हा दरवाजा होता तसाच राहिला, आणि वर नवीन दरवाजे लागले. केवायसी, आधार लिंक, बायोमेट्रिक. कापूस वेचून आणि भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेल्या बायकांचा थम उठत नाही मशीनवर. मग सरकारी कागद काढून देणारा सेतू केंद्रवाला, मग त्याला ओळखणारा कोणीतरी. आता पोरं मोटरसायकलवर मोबाईल घेऊन फिरतात, नानांचंच काम करतात, फक्त ओट्याऐवजी व्हॉट्सअॅप ग्रुप आहे.

खान्देशात हे असंच चालत आलंय असंही नाही. शहाद्याकडं १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भिलांचे नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेनं भिल मजुरांना एकत्र केलं, गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरी मागितली, दुष्काळात काम मागितलं. कोणाची चिठ्ठी घेऊन नाही, मोर्चानं. त्याच वर्षांत राज्यभर रोजगार हमी उभी राहिली, तिच्यामागं विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंचा विचार होता, १९७७ मध्ये कायदा झाला आणि पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लागला. ह्या योजनेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तिला यादी लागत नव्हती. उन्हात खडी फोडायला जो येतो तो गरजू, संपलं. कोणी कोणाला ओळखायची गरज नाही. पुढं त्यातही मस्टरचे, म्हणजे हजेरीपटाचे, घोळ झाले, आता तर काम मागायला नमुना ४ भरून तारखेची पोच घ्यावी लागते आणि ती पोच द्यायला लोक टाळतात, कारण पोच दिली की काम द्यायचे १५ दिवस मोजायला सुरुवात होते. तरी पण मागणी आणि विनवणी ह्यात फरक असतो हे ज्या मातीत लोकांनी करून दाखवलं, ती माती आपलीच आहे.

वही वाचून झाल्यावर मी नाल्यापलीकडं गेले. २०२३ चा पावसाळा होता. लहानपणापासून त्या वस्तीतल्या बायका आमच्या शेतात निंदायला यायच्या, पण मी नाला ओलांडून कधी गेले नव्हते, हे मला त्या दिवशी जाणवलं. पहिल्याच घरात एक माय भेटली. एकटी. नवरा गुजरातमध्ये ऊसतोडीवर असताना गेलेला, मुलगा-सून तिकडंच. नानांचं नाव सांगितल्यावर तिनं पाटावर गोधडी टाकली. मी विचारलं, निराधारचा फॉर्म कधी भरला का? म्हणाली, आमनाकडे कोन भरस? कोण भरतं आमच्याकडं. तक्रार नव्हती त्यात, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाली.

दिसायला सत्तरीची, आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६५. ही १ जानेवारी तुम्ही अशा सगळ्या वस्त्यांमध्ये बघाल, ज्याला तारीख माहीत नाही त्याला मशीनवाल्यानं ती दिली. म्हणजे श्रावणबाळ गेलं, विधवा म्हणून निराधार राहिलं. त्याला नवऱ्याचा मृत्यू दाखला हवा, आणि नोंद कुठंच झालेली नाही, ना तिकडं ना इकडं. टेम्पोत घालून आणला, नाल्याच्या काठी अग्नी दिला. वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मी रजा टाकून तिच्याबरोबर चार वेळा तालुक्याला गेले. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची हे मी तिला शिकवलं, आणि ती प्रत्येक पोच घडी करून लुगड्याच्या गाठीत बांधायची. चौथ्या खेपेला टेबलावरचे भाऊसाहेब चांगुलपणानंच मला म्हणाले, ताई, तुमचे वडील असते तर एका फोनचं काम होतं. मला ते अगदी खरं वाटलं आणि म्हणूनच राग आला.

मग २०२४ चा जून आला, लाडकी बहीण जाहीर झाली. २१ ते ६५ वय, उत्पन्नाची अट अडीच लाख. तेच राज्य, तेच १५०० रुपये, एकीकडं मर्यादा २१,००० आणि दुसरीकडं २,५०,०००. मायच्या चुकीच्या जन्मतारखेनं तिला पहिल्यांदा उपयोग झाला. अंगणवाडीच्या ताईंनी वस्तीवर येऊन मोबाईलवर फॉर्म भरला, समितीच्या मीटिंगची वाट बघणं नाही, शिफारस नाही, आणि राखीपौर्णिमेच्या आधी खात्यात ३००० जमा. एका वर्षात मी जे करू शकले नाही ते दीड महिन्यात झालं. योजनेवर बाकी काय बोलायचं ते बोला, मी तिचं हे श्रेय काढून घेणार नाही. अट सैल ठेवली आणि मधला दरवाजा काढला तर नाल्यापलीकडं पैसे पोचतात, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पण चौकात बॅनर लागले. भावाकडून बहिणीला ओवाळणी. ओवाळणी मागायची नसते, मोजायची नसते, आणि दिली नाही म्हणून भावावर दावा लावायचा नसतो. हा शब्द मला त्या पैशापेक्षा महाग वाटला. माय बॅंकेतून आली ती सरळ माझ्याकडं, मी गावी होते तेव्हा. नोटा दाखवल्या आणि हळूच विचारलं, "बेटा, आते मत कोनले देवानं?" मी म्हटलं, कोणालाही दे, तुझ्या मनाला वाटेल त्याला, ह्या पैशाचा आणि मताचा संबंध नाही. तिला ते पटलं नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग बंद पडनं त कोनकडे जावानं?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी हक्क हक्क म्हणत होते आणि ती विचारत होती की त्या हक्काचं दार कुठं आहे, तिथं कोण बसतं, त्याचं नाव काय. नानांना मत दिलं की निदान साडेसहाला ओट्यावर नाना असायचे.

आणि पडलंच बंद. २०२५ च्या शेवटी ई-केवायसी आली, ती नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागायची. ज्यांचं दोघांपैकी कोणीच नाही त्यांनी मृत्यू दाखला द्यायचा. तोच दाखला. पुन्हा मी, पुन्हा ती, पुन्हा तालुका, ह्यावेळी एका ओळखीच्या वकिलांनी फी न घेता अर्ज लिहून दिला. ते म्हणाले, प्रतिज्ञापत्र होईल, पंच होतील, पण मृत्यूची तारीख तरी हवी, निदान महिना. मायला तारीख येईना. सून म्हणाली उन्हाळा होता. मुकादम वारलेला. माय एवढंच म्हणत राहिली की मतदान जवळ होतं, नाना मौतीला आले होते, त्यांच्या सदऱ्यावर बिल्ला होता.

त्या रात्री मी परत वही काढली. नावांच्या रकान्यांत मी तिला आधीच शोधून झाले होते. ह्यावेळी मागची पानं उघडली, जिथं नाना निवडणुकीची बेरीज मांडायचे, गल्लीवार, वस्तीवार, आणि जी मी हिशोब म्हणून कधी वाचलीच नव्हती. एप्रिल २०१४, लोकसभा. गावातल्या गल्ल्या एकाखाली एक, आणि सगळ्यात खाली नानांच्या तिरप्या अक्षरात, 'नाल्यापलीकडे ८४, आ'. ८४ वर काट मारून ८३ केलेले, आणि शेजारी कंसात तारखेसकट, '१ मयत'.

सकाळी मायला पान दाखवलं. तिनं विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं. तिनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं, एकदा, मग परत एकदा. वकिलांनी त्या पानाच्या दोन झेरॉक्स मागितल्यात.